अर्धा घन सेंटिमीटर माती : सजीव की निर्जीव? (व्हायकिंग, 1976)

अकरावीच्या जीवशास्त्राचा पहिला धडा सजीव सृष्टीचा. मुलं सहावीपासून पाठ असलेली यादी घडाघडा म्हणतात: वाढ, पोषण, श्वसन, उत्सर्जन, प्रजनन, चेतनाक्षमता, हालचाल, पेशीमय रचना. यादी चुकीची नाही. पण कुत्रा सजीव आणि दगड निर्जीव हे आपल्याला यादीमुळे कळलेलं नसतं. ते आधीच माहीत असतं, यादी मागाहून बसवली जाते. यादीचा खरा कस लागतो तो जिच्याबद्दल कोणालाच काही ठाऊक नाही अशी वस्तू समोर आल्यावर. अशी वस्तू 1976 साली समोर आली: मंगळावरची चिमूटभर माती. सजीव-निर्जीव हा भेद शिकवताना मला याहून चांगलं प्रकरण सापडलेलं नाही, म्हणून ते इथे सविस्तर मांडतो.

प्रसंग

नासाची दोन यानं, व्हायकिंग 1 आणि व्हायकिंग 2, 1975 च्या ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये निघाली. पहिलं अमेरिकेच्या द्विशताब्दीच्या दिवशी, म्हणजे 4 जुलै 1976 ला उतरायचं होतं. पण कक्षेतून आलेल्या छायाचित्रांत ठरलेली जागा खडबडीत दिसली आणि मुहूर्त सोडून द्यावा लागला. 20 जुलैला ते क्रिसी प्लॅनिशिया या मैदानावर उतरलं. दुसरं 3 सप्टेंबरला युटोपिया प्लॅनिशियावर, पहिल्यापासून सुमारे 6,500 किलोमीटर लांब.

दोन्ही यानांत घनफूटभर आकाराची एक पेटी होती. वजन साधारण 15 किलो. तिच्यात तीन स्वतंत्र प्रयोगशाळा बसवलेल्या: भट्ट्या, वायूच्या कुप्या, झडपा, दिवा, मोजयंत्रं. बाहेरच्या यांत्रिक हाताने माती खरवडून आणायची, पेटीत टाकायची आणि पृथ्वीवरून निकालाची वाट बघायची. तेव्हा मंगळ इतका दूर होता की संदेश एका बाजूने पोहोचायलाच सुमारे 19 मिनिटं लागत. काही बिघडलं तर हात घालून दुरुस्त करता येणार नव्हतं, आणि एखादा प्रश्न विचारायचा राहिला तर तो राहिलाच.

खरं तर चौथा प्रयोगही ठरला होता. वुल्फ विश्नियाक यांनी तयार केलेला. द्रवात माती टाकायची, जंतू वाढले तर द्रव गढूळ होतो, तो गढूळपणा मोजायचा. खर्च आवरण्यासाठी 1972 मध्ये तो वगळला गेला. विश्नियाक त्यानंतर अंटार्क्टिकाच्या कोरड्या दऱ्यांत सूक्ष्मजीव शोधायला गेले आणि डिसेंबर 1973 मध्ये तिथेच कड्यावरून पडून गेले. त्यांचा प्रयोग प्रत्यक्ष वाढीवर नजर ठेवणारा होता, आणि पुढे जो पेच पडला तो सोडवायला नेमकी तीच गोष्ट हवी होती. हे प्रकरण वाचताना दर वेळी त्यांची आठवण मला चुटपूट लावून जाते.

तीन प्रयोग, एकच प्रश्न

उरलेल्या तिघांनी सजीवाच्या लांबलचक यादीतून एकच लक्षण उचललं होतं: चयापचय. सजीव असेल तर तो आजूबाजूचा पदार्थ घेईल, त्याचं काहीतरी करेल आणि काहीतरी बाहेर टाकेल. पेटीतून एवढंच मोजता येण्याजोगं होतं. हालचाल दिसायला सूक्ष्मदर्शक लागला असता, आणि प्रजनन तपासायला किती काळ थांबायचं हे कोण सांगणार?

पहिला प्रयोग व्हान्स ओयामा यांचा. माती आधी नुसत्या दमट हवेत ठेवायची, मग अनेक पोषक पदार्थांचं पाणी द्यायचं आणि भोवतालच्या वायूंत काय बदल होतो ते पाहायचं. दुसरा गिल्बर्ट लेव्हिन यांचा, आणि त्यात पॅट्रिशिया स्ट्राट त्यांच्या जोडीला. लेव्हिन मूळचे सार्वजनिक आरोग्याचे अभियंते. पिण्याच्या पाण्यात जंतू आहेत का हे झटपट ओळखण्याच्या पद्धतीवर त्यांनी काम केलं होतं, तीच पद्धत त्यांनी मंगळावर नेली. पोषक पदार्थांच्या रेणूंत किरणोत्सारी कार्बन-14 घालायचा. मातीतल्या कोणी ते खाल्लं तर बाहेर पडणाऱ्या वायूत तो कार्बन सापडेल. तिसरा नॉर्मन होरोविट्झ यांचा. त्यांचं म्हणणं असं की मंगळ कोरडा आहे, तिथल्या जिवाला पाण्यात बुडवून काय साधणार? म्हणून त्यांनी मंगळासारखीच हवा ठेवली, तिच्यातल्या कार्बन डायऑक्साइड आणि कार्बन मोनॉक्साइडला खूण केली, सूर्यासारखा दिवा लावला आणि माती हवेतला कार्बन आत ओढून घेते का ते पाहिलं.

पाणी द्यायचं की नाही, या वादात मोठा प्रश्न दडलेला आहे. कणगीतली ज्वारी महिनोन्महिने पडून असते. ती वाढत नाही, हलत नाही, तिचं श्वसन जवळजवळ जाणवत नाही इतकं मंद असतं. त्या अवस्थेत यादी लावली तर ज्वारीचा दाणा नापास होतो. पाऊस पडून माती ओली झाली की तोच दाणा चार दिवसांत कोंब काढतो. म्हणजे काही सजीवांना ओळखायचं तर आधी त्यांना जागं करावं लागतं, आणि कशाने जाग येईल हे त्यांच्याबद्दल आधीच माहीत असावं लागतं. ओयामा आणि लेव्हिन धरून चालले की मंगळावरचा जीवही पाणी आणि अन्न दिलं की जागा होईल. पृथ्वीवरच्या अनुभवावरून धरलेला हा अंदाज होता. दुसरा अनुभव कोणाकडे नव्हताच.

निकाल

ओयामांच्या पेटीत माती नुसती दमट होताच काही तासांत ऑक्सिजन बाहेर पडला. अन्न अजून दिलंही नव्हतं. अंधारात, खाणं न देता, ओलावा लागताच ऑक्सिजन सोडणारा जीव पृथ्वीवर कोणाला माहीत नव्हता. शिवाय माती 145 अंश सेल्सिअसपर्यंत तापवून घेतली तरीही ऑक्सिजन निघाला. तेव्हा हे रसायन आहे, जीव नाही, यावर फारसा वाद झाला नाही.

होरोविट्झ यांच्या पहिल्या नमुन्यात मातीने थोडासा कार्बन खरोखरच ओढून घेतलेला दिसला, अपेक्षेपेक्षा जास्त. पण पुन्हा केल्यावर तसं ठळक उत्तर आलं नाही, आणि 90 अंशांना तापवूनही परिणाम फारसा घटला नाही. होरोविट्झ यांनी स्वतःच्याच प्रयोगाच्या बाजूने बोलायचं टाळलं. मला याचं फार कौतुक वाटतं.

मग लेव्हिन यांचा. अर्धा घन सेंटिमीटर मातीवर 0.115 मिलिलिटर पोषक द्रव टाकलं गेलं. त्यात फॉर्मेट, ग्लायकोलेट, ग्लायसीन, तसंच अॅलनीन आणि लॅक्टेट यांची डावी-उजवी, म्हणजे एकमेकांची आरशातली प्रतिबिंबं असलेली, दोन्ही रूपं. 30 जुलैला आकडे आले. मोजयंत्र भराभर चढत गेलं आणि मिनिटाला किरणोत्साराच्या सुमारे 10,000 नोंदींपाशी जाऊन सपाट झालं. मातीने द्रवातला कार्बन वायू करून सोडला होता. पुढची पायरी आधीच ठरलेली होती: त्याच मातीचा दुसरा भाग 160 अंशांना तीन तास भाजायचा आणि मग तोच द्रव द्यायचा. भाजलेली माती गप्प राहिली.

उड्डाणाआधी ठरवलेला निकष हाच होता. कच्ची माती बोलली आणि भाजलेली माती गप्प राहिली, तर आत जीव आहे. साडेसहा हजार किलोमीटर दूरच्या दुसऱ्या यानातही हेच झालं. सुमारे 50 अंशांपर्यंतच तापवलेल्या मातीचा प्रतिसाद दोन-तृतीयांशाने उतरला. ऊन लागू नये म्हणून एका दगडाखालची माती घेतली, तीही बोलली. काही महिने पेटीतच अंधारात पडून राहिलेली माती पुढे गप्प झाली. दोन्ही यानांत मिळून लेव्हिन यांच्या नऊ फेऱ्या झाल्या.

इथपर्यंत ऐकल्यावर मी वर्गाला मत विचारतो. बहुतेक हात ‘सजीव’च्या बाजूने वर येतात, आणि त्यात त्यांची चूक नाही.

भाजल्याने काय कळतं

यानंतर मी हायड्रोजन पेरॉक्साइडची बाटली काढतो, जखमेवर लावतात तीच. कच्च्या बटाट्याच्या फोडीवर चार थेंब टाकले की फेस उसळतो. बटाटा उकडून घेतला आणि तेच केलं, तर काही होत नाही. कच्चा बोलला, उकडलेला गप्प: लेव्हिन यांचाच निकष. मग कच्चा बटाटा किसून, पिळून, फडक्यातून गाळून घेतो आणि त्या पाण्यात पेरॉक्साइड टाकतो. पुन्हा फेस. गाळलेलं ते पाणी जिवंत आहे का? कोणीच हो म्हणत नाही. फेस आणतं ते कॅटॅलेज हे एन्झाईम. ते पेशीबाहेरही काम करतं आणि उष्णतेने बिघडतं. शेवटी प्रयोगशाळेतल्या मँगनीज डायऑक्साइडच्या काळ्या पुडीवर चार थेंब. फेस सगळ्यांत जोरात, आणि इथे ना बटाटा, ना पेशी.

हे विज्ञानाच्या इतिहासातही घडून गेलेलं आहे. आंबवण्याची क्रिया जिवंत यीस्टशिवाय होऊच शकत नाही असं एकोणिसाव्या शतकात पक्कं मानलं जाई. 1897 मध्ये एडुआर्ड बुख्नर यांनी यीस्ट वाळूबरोबर कुटून पेशी फोडल्या, रस पिळून काढला, त्यात साखर घातली आणि जिवंत पेशी नसतानाही साखर आंबली. 1907 चं नोबेल त्यांना यासाठीच मिळालं. चयापचयाची एकेक पायरी सुटी काढली तर ती साधी रासायनिक अभिक्रिया असते, आणि तशी अभिक्रिया जिवाशिवायही घडू शकते.

मंगळाच्या मातीत पेरॉक्साइडसारखं एखादं तीव्र ऑक्सिडीकारक द्रव्य असेल, तर ते फॉर्मेटवर तुटून पडेल आणि कार्बन डायऑक्साइड सोडेल. भाजलं की ते द्रव्यच विघटित होईल आणि माती गप्प बसेल. भाजण्याच्या चाचणीने एवढंच सांगितलं की मातीतली सक्रिय गोष्ट उष्णतेने नाश पावणारी आहे. जीव तसा असतो, पण उष्णतेने नाश पावणारं सगळंच काही जीव नसतं. प्रयोग आखताना हा फरक पुरता ध्यानात घेतला गेला नाही, असं माझं मत आहे.

ज्या यंत्राने पारडं फिरवलं

जीवशास्त्राच्या पेटीबाहेर एक चौथं यंत्र होतं, क्लाऊस बीमान यांच्या गटाचं. माती 500 अंशांपर्यंत तापवायची आणि निघणाऱ्या वाफेत कोणते सेंद्रिय रेणू आहेत ते ओळखायचं. जीव असेल तर त्याचं शरीर असणार आणि मेलेल्या पिढ्यांचे अवशेषही असणार. यंत्राला क्लोरोमिथेन आणि डायक्लोरोमिथेन यांचे अगदी थोडे अंश सापडले. ते पृथ्वीवर यंत्र स्वच्छ करताना वापरलेल्या द्रावकांचे असावेत असं ठरलं. बाकी काही नाही.

शरीरच नाही, तर खाल्लं कोणी? या एका प्रश्नावर बहुतेकांनी निकाल दिला. जीवशास्त्र गटाचे प्रमुख हॅरॉल्ड क्लाइन यांनी जाहीरपणे सावध भाषा ठेवली, पण मंगळाची माती निर्जीव आहे हे मत रुजलं आणि पुढची वीस वर्षं मंगळावर कोणतंही यान उतरलं नाही.

या शून्यातच एक खटकणारी गोष्ट होती. अंतराळातून पडणाऱ्या उल्कांबरोबर सेंद्रिय पदार्थ येतच असतात. जीव असो वा नसो, ते थोडेफार मिळायला हवे होते. अजिबात न मिळणं म्हणजे एकतर मातीतलं काहीतरी ते नष्ट करत होतं, किंवा शोधताना आपणच नष्ट करत होतो.

उत्तर यायला 32 वर्षं लागली. 2008 मध्ये फीनिक्स यान मंगळाच्या उत्तर ध्रुवाजवळ उतरलं आणि त्याला मातीत परक्लोरेट (क्लोरीन आणि ऑक्सिजन असलेला क्षार) सापडलं, साधारण अर्धा टक्का. थंडीत परक्लोरेट मुकाट असतं. तापवलं की ऑक्सिजन सोडतं आणि जवळ जे सेंद्रिय असेल ते जाळून टाकतं. 2010 मध्ये राफाएल नव्हारो-गोन्झालेस आणि सहकाऱ्यांनी चिलीच्या अटाकामा वाळवंटातल्या मातीत परक्लोरेट मिसळून ती तापवली. बाहेर आलं क्लोरोमिथेन आणि डायक्लोरोमिथेन. 1976 मध्ये ज्याला साफसफाईचा मळ समजून बाजूला सारलं, ती कदाचित मंगळाच्याच सेंद्रिय पदार्थांची राख होती. पुढे क्युरिऑसिटी रोव्हरला गेल विवरातल्या जुन्या चिखल-खडकांत सेंद्रिय रेणू मिळालेच.

म्हणजे लेव्हिन बरोबर ठरले का? नाही. सेंद्रिय रेणू सापडणं म्हणजे जीव सापडणं नव्हे. उल्कांतही ते असतात. पण ‘शरीर नाही म्हणून जीव नाही’ हा युक्तिवाद मात्र कोसळला. आणि 2013 मध्ये रिचर्ड क्विन यांच्या गटाने दाखवलं की परक्लोरेटवर गॅमा किरणांचा मारा केला तर हायपोक्लोराइट तयार होतं आणि क्षारांत ऑक्सिजन अडकून राहतो. मंगळावर असा किरणोत्सर्ग अब्जावधी वर्षं चालू आहे. ओलावा लागताच ऑक्सिजन सुटणं आणि पोषक द्रवातून कार्बन वायू निघणं, दोन्ही गोष्टी जीव न मानता समजावता येतात.

दुसरा घास

आता माझं मत. लेव्हिन 2021 मध्ये वारले. अखेरपर्यंत ते म्हणत राहिले की आम्हाला जीव सापडला होता. 50 अंशांवर प्रतिसाद एवढा का उतरावा, हा त्यांचा मुद्दा दमदार होता आणि तो उडवून लावणं त्यांच्यावर अन्याय होता. तरीही मी त्यांच्या बाजूने उभा राहत नाही. कारण त्यांच्याच आलेखात आहे.

पहिला डोस दिल्यावर वायू लगेच वेगाने निघाला आणि हळूहळू थांबला. निघालेला एकूण कार्बन द्रवातल्या एखाद्याच घटकाच्या कार्बनाइतका भरत होता. मग त्याच मातीला दुसरा डोस दिला. नवा वायू आला नाही. उलट पेटीतला सुमारे 20 टक्के वायू ओल्या मातीत परत शोषला गेला. सूक्ष्मजीव आठवडाभर ओलसर, खाऊन-पिऊन असलेल्या मातीत राहिले असते तर त्यांची संख्या वाढली असती आणि दुसऱ्या घासाला आलेख पहिल्याहून उंच गेला असता. पृथ्वीवरच्या सजीव मातीत वक्र वरच्या दिशेने वळतो, कारण खाणारे वाढत जातात. इथे असं दिसतं की मातीत मर्यादित साठ्याचं काहीतरी होतं, ते पहिल्या डोसातच खर्च झालं आणि संपलं.

लेव्हिन यांचं उत्तर असं की तोपर्यंत जंतू मेले असावेत. काहींनी तर मंगळावरचा जीव आपण दिलेल्या पाण्यानेच मेला असेल असंही सुचवलं. शक्य आहे. पण प्रतिसाद आला तरी जीव आणि नाही आला तरी जीव, असं झालं की चाचणीच उरत नाही.

सजीवाकडे पाहण्याची माझी नजर या आलेखाने बदलली. आधी मी चयापचय हेच सगळ्यांत भक्कम लक्षण मानायचो. आता वाटतं, पदार्थ वापरला जाणं हा अर्धाच भाग. वापरलेल्या पदार्थातून वापरणारी व्यवस्था पुन्हा उभी राहते का, हे पाहायला हवं. देवापुढची समईची ज्योत तेल खाते, ऑक्सिजन घेते, उष्णता सोडते आणि तिच्यावरून दुसरी ज्योतही लावता येते. पण तेल कसं वापरायचं याची कोणतीही नोंद ती स्वतःत जपत नाही आणि पुढच्या ज्योतीला देत नाही. यीस्टची पेशी साखर खाते आणि त्या साखरेतूनच साखर खाणारी यंत्रणा पुन्हा घडवते, थोड्याफार चुका करत. त्या चुकांतून निवड होत जाते. जेराल्ड जॉयस यांच्या नावाशी जोडलेली आणि नासाने उचललेली 1994 ची व्याख्या हेच सांगते: सजीव म्हणजे स्वतःला टिकवून धरणारी आणि डार्विनच्या अर्थाने उत्क्रांत होऊ शकणारी रासायनिक व्यवस्था. व्याख्या मला पटते, पण 15 किलोच्या पेटीत उत्क्रांती मोजता येत नाही. आणि मुलं लगेच विचारतात तसं, एकट्या खेचराचं काय? ते उत्क्रांत होत नाही, म्हणून ते निर्जीव आहे का? व्याख्या वंशपरंपरेची आहे, निवाडा मात्र एका चिमटीचा करायचा असतो. ही अडचण खरी आहे आणि तिच्यावर माझ्याकडे पक्कं उत्तर नाही.

एक वेगळी वाट जेम्स लव्हलॉक यांनी व्हायकिंगच्या आधी दहा वर्षं सुचवली होती. माती खणू नका, हवा बघा, असं ते म्हणत. पृथ्वीच्या हवेत ऑक्सिजन आणि मिथेन एकत्र नांदतात. एकमेकांना संपवणारे हे वायू कोणीतरी सतत नव्याने तयार करत असल्याशिवाय असे टिकणार नाहीत. मंगळाची हवा सुमारे 95 टक्के कार्बन डायऑक्साइड, रासायनिक दृष्ट्या जवळजवळ निवांत. म्हणून व्हायकिंग निघण्याआधीच लव्हलॉक यांचा कल ‘नाही’कडे होता. ही दृष्टी मला फार आवडते, पण ती ग्रह व्यापून टाकणाऱ्या जीवसृष्टीलाच लागू पडते. खडकाच्या भेगेत तग धरून असलेले चार जंतू हवेवरून कळणार नाहीत.

आजचं ताजं प्रकरण जेझेरो विवरात आहे. जुलै 2024 मध्ये पर्सिव्हरन्स रोव्हरला तिथे चेयावा फॉल्स नाव दिलेला एक खडक मिळाला; त्यावर बिबट्याच्या कातडीसारखे ठिपके, आणि आत सेंद्रिय कार्बन, लोह आणि फॉस्फरस. ठिपक्यांत व्हिव्हिएनाइट आणि ग्रेगाइट ही लोहयुक्त खनिजं असावीत असं मोजमाप सांगतं. पृथ्वीवर ती बऱ्याचदा सूक्ष्मजीवांच्या खाण्यापिण्यातून तयार होतात, आणि जिवाशिवायही होऊ शकतात. सप्टेंबर 2025 मध्ये प्रसिद्ध झालेल्या निबंधात शास्त्रज्ञांनी ‘जीवखुणेची शक्यता’ एवढेच शब्द वापरले. त्या खडकाचा गाभा एका बंद नळीत भरून ठेवला आहे. तो अजून मंगळावरच आहे.